जाड बुडाचं पातेलं

नववीला किण्वनाचा धडा असायचा. साखरेवर यीस्ट सोडलं की अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, एवढं तरी लक्षात ठेवा रे गाढवांनो, असं मी पुण्यातल्या मराठी शाळेत निवृत्त होईपर्यंत दर वर्षी घसा फोडून सांगितलं. एका वर्षी त्या गाढवांमध्ये तिसऱ्या बाकावर माझा मुलगाही होता. हाच मुलगा आता न्यूझीलंडमध्ये अप्पर हटला राहतो, रोज ट्रेनने वेलिंग्टनला जाऊन कुठल्याशा सॉफ्टवेअर टीमवर साहेबगिरी करतो, आणि त्याने मला तोंड वर करून सांगितलं की नळ लावलेलं जे मोठं पिंप आणायचंय, ते आल्याच्या सरबतासाठी आहे.

"इथे घरोघरी करतात गं," तो म्हणाला. "जिंजर बिअर म्हणतात. नावातच बिअर, आत काही नसतं."

मी म्हटलं, असेल बाबा. मांजर डोळे मिटून दूध पितं तेव्हा आपणही थोडे डोळे मिटून घेतलेले बरे.

आमच्या घराण्यात दारूचं नाव काढायची सोय नव्हती. माझे सासरे खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून मग घ्यायचे. तेव्हा खरं म्हणजे मी त्याच वेळी चिरंजीवांचा कान उपटायला हवा होता. चाळिशी ओलांडली म्हणून काय झालं, कान जागेवरच असतो. पण मी गप्प बसले, आणि त्याला कारण होतं.

मी सहा महिन्यांसाठी आले होते. हे गेल्यापासून पुण्यात एकटीच असते, म्हणून मुलाचा आग्रह. परदेशातल्या मुलांकडे सहा महिने राहणं ही आमच्या पिढीला म्हातारपणी लागलेली नोकरीच आहे. काम काही नाही, हजेरी मात्र पूर्ण. सकाळी मुलगा ट्रेनला, सून हॉस्पिटलच्या ड्यूटीला, नात शाळेत. मी आपली हीटरसमोर शाल गुंडाळून समोरच्या डोंगरावर ढग चढताना बघायची. बाहेर पडावं तर रस्त्यात चिटपाखरू नाही. एखादा कुत्रा फिरवणारा भेटला तर "किया ओरा", म्हणजे इथला नमस्कार, म्हणून हसायचा, की झालं माझं दिवसाचं बोलणं. संध्याकाळी मुलगा आला की लॅपटॉप उघडायचा. मी वाढलं की "मस्त झालंय" म्हणायचा. एकदा तर भाजी पानात पडायच्या आधीच म्हणाला. फार वाईट वाटायचं. एवढे समुद्र ओलांडून आले, तर मुलगा नुसता दिसत होता, भेटत नव्हता. पण हे कुणाला सांगायचं? मी गुपचूप भांडी घासायची, डिशवॉशर असून.

शनिवारी सून ड्यूटीवर असायची आणि नात मैत्रिणीच्या आईबरोबर नेटबॉलला. अशाच एका शनिवारी त्याला ते पिंप आणायला पेटोनीला जायचं होतं. मला एकटीला मागे ठेवणं बरं दिसत नाही म्हणून त्याने "येतेस का?" असं विचारलं. गाडी तोवर त्याने चालू केलेली होती, म्हणजे मी नाहीच म्हणणार अशी खात्री होती. मी चप्पल घालून दारात उभी.

गाडीत लॅपटॉप नसतो. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, आईच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, मग मुलगे बोलतात. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी स्कूटरऐवजी गाडीच शिकले असते. नदीच्या कडेने जाताना तो मान कशी धरते ते बोलला, नव्या साहेबिणीबद्दल बोलला, मग एकदम म्हणाला की शाळेच्या डब्यातली मेथीची कोरडी भाजी आठवते का तुला. अरे, ती करायची कोण, मी का शेजारीण? परत येताना पिंप मागे सीटबेल्ट लावून बसलेलं आणि मी पुढे. इतका आनंद मला विमानतळावर त्याला बघूनसुद्धा झाला नव्हता.

आता कान उपटला असता तर पिंप परत गेलं असतं, आणि त्याच्याबरोबर माझा शनिवारही. मला शनिवार हवे होते. तेव्हा मी आल्याच्या सरबतावर पूर्ण विश्वास ठेवायचं ठरवलं.

यात सोपा रस्ता असा असतो म्हणे की दुकानातून अर्काचा तयार डबा आणावा, पाण्यात कालवावा, यीस्ट टाकावं आणि वाट बघावी. पण आमचे चिरंजीव लहानपणी अभ्यासाला बसायच्या आधी पेन्सिली तासण्यात अख्खी दुपार घालवायचे. त्यांना सगळं पहिल्यापासून करायचं होतं, धान्य शिजवण्यापासून. आल्याच्या सरबताला धान्य कशाला, हे मी विचारलं नाही. शिवाय नवं काही घ्यायचं नाही, सगळं कुणीतरी वापरलेलंच शोधायचं, ही आणखी एक टूम. इंटरनेटवर जुनी वस्तू सापडली की शनिवारी ती आणायला जायचं, आणि एका वेळी एकच वस्तू सापडायची. देव भलं करो त्या इंटरनेटचं.

एका शनिवारी बाटल्यांना बुचं बसवायचं यंत्र आणलं. एका शनिवारी खोकाभर तपकिरी बाटल्या. त्यांना असा काही वास येत होता की घरी येईपर्यंत आम्ही दोघंही खिडक्या उघड्या टाकून थंडीत कुडकुडत होतो, आणि वास कसला हे कुणीच बोलत नव्हतं. एकदा एका माणसाच्या घरून काचेची नळी आणली, खाली फुगीर नि जड, वर आकडे. मी ती उजेडात धरली. अशीच एक आमच्या प्रयोगशाळेत होती, मुलं तिने दुधातलं पाणी ओळखायची. मी विचारलं, ही रे कशाला? तो घाईघाईने म्हणाला, आल्याचा तिखटपणा मोजतात.

आल्याचा तिखटपणा! घनतामापकाने! याला मी नववीत पास कशी केली, हा विचार त्या दिवशी माझ्या डोक्यातून जाईना. पण जीभ आवरली आणि म्हटलं, विज्ञान किती पुढे गेलंय बघ.

धान्य बांधायला कापडी पिशवी हवी होती, ती मी चक्का बांधायच्या पंच्याची हाताने शिवून दिली. गॅरेजच्या दारात उन्हाला शिवत बसले होते, तर नात येऊन शेजारी टेकली. दहा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. ती म्हणाली, "आजी, यू नो इट्स फॉर बिअर, राइट?" मी म्हटलं, जिंजर. ती म्हणाली, "नो, आजी. बिअर बिअर." मी तिच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला आणि बाबाला यातलं काही बोलायचं नाही म्हणून बजावलं. लाडू तोंडात कोंबत ती "स्वीट ॲज", म्हणजे इकडच्या भाषेत झकास, म्हणाली आणि पळाली.

मग एका शनिवारी परत येताना मोटरवेवर काम चालू होतं, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या, तेव्हा तो बोलला. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात सगळे जमतात. जो तो घरी केलेलं काहीतरी घेऊन येतो, कुणी चीज, कुणी स्वतःच्या पोळ्यातला मध. त्याने एवढंच सांगितलं. बाकीचे काय घेऊन येत असतील ते मला समजलं. हा संत्र्याच्या रसाचा ग्लास धरून कोपऱ्यात उभा राहतो. लोक हसले की हाही हसतो, पण जरा उशिरा.

"इतकी वर्षं झाली," तो म्हणाला, "पण अजून पाहुण्यासारखाच उभा असतो गं मी."

मी म्हटलं, चकल्या ने की. म्हणाला, नेल्या होत्या, सगळ्यांनी फोटो काढले. वर्गात पहिला यावा म्हणून याच्यामागे मी हात धुवून लागले होते. कोपऱ्यात उभं राहावं लागलं तर काय करायचं, ते काही शिकवलं नव्हतं. करू दे, म्हटलं मनात, काय करायचं ते करू दे. त्या दिवशी माझा उरलासुरला राग गेला आणि शिल्लक राहिला तो निव्वळ स्वार्थ.

कारण वस्तू संपत आल्या होत्या. राहिलं होतं फक्त मोठं पातेलं, धान्याचं पाणी उकळायला. ते आलं की सामान पूर्ण, आणि मग हा शनिवारी गॅरेजमध्ये आणि मी हीटरसमोर. माझं परतीचं तिकीटही जवळ आलं होतं. तेव्हा मी जाहीर केलं की पातेलं मी पारखणार. भांड्यातलं तुला काय कळतंय? आमची अर्धी हयात तुळशीबागेत गेली.

पहिलं पातेलं लोअर हटच्या एका ऑप शॉपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात होतं. मी ते पालथं घातलं, बोटाच्या पेराने वाजवलं, काठ उजेडात फिरवून बघितला आणि सांगितलं की कान ढिले आहेत. दुसऱ्याला मटणाचा वास होता, तो खरंच होता. तिसरं ॲल्युमिनियमचं, आंबटाला चालत नाही, म्हटलं. चौथ्यात काही म्हणता काही खोट सापडेना, तेव्हा म्हटलं, आवाज बसका आहे. विकणारा बिचारा पातेल्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे चांगलं सरळ अंगण मी हाताने वाकडं करत होते. मुलगा मात्र दर वेळी मुकाट्याने पातेलं खाली ठेवायचा, आणि पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा निघायचो.

शेवटचा शनिवार आला. बुधवारचं माझं विमान. पातेलं होतं रेमुटाकाचा घाट ओलांडून ग्रेटाउनच्या बाजूला, शेताला लागून असलेल्या एका घरात. विकणारी बाई माझ्याच वयाची, एवढ्या थंडीत पायात जॅंडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला, घालून उभी. पातेलं तिच्या नवऱ्याचं, डॉक्टरांनी त्याला आता बंदी केली होती. बाई मोकळ्या स्वभावाची होती. तिने हसत हसत सांगितलं की यात त्याने आयुष्यभर ढिगाने बिअर केली आणि एकदाही ती चांगली झाली नाही. बिअर हा शब्द असा आमच्या दोघांच्या मध्ये येऊन पडल्यावर मुलाला खोकला आला. मी कुंपणापलीकडच्या मेंढ्या बघू लागले.

मग मी पातेलं हातात घेतलं. घेतलं कसलं, उचलेना. स्टीलचं, काठ गोल वळलेले, कान पक्के, आणि बूड असं जाड की तुळशीबागेतला दुकानदार ते गिऱ्हाइकाला दाखवायला कपाटातून खास काढेल. वाजवलं तर देवळातल्या घंटेसारखं घुमलं. असं पातेलं मला उभ्या संसारात मिळालं नाही. घ्यायला हवं होतं. मुलाची इतक्या दिवसांची हौस होती, शुक्रवारचा तो कोपरा होता. हे सगळं मला कळत होतं आणि तोंडातून मात्र भलतंच आलं.

"बूड पातळ आहे रे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग पातेलं स्वतः उचललं, पालथं घातलं, आणि मी वाजवते तसं बोटाच्या पेराने वाजवलं. घंटा पुन्हा घुमली. ती पूर्ण थांबेपर्यंत तो ऐकत राहिला.

"हो गं," तो म्हणाला. "पातळच आहे."

बाईची माफी मागून आम्ही गाडीत बसलो. घाट लागला. पहिल्या वळणावर तो रस्त्याकडे बघतच म्हणाला, "पुढच्या वर्षी आलीस की नीट बघू."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि म्हणून माझा आवाज चढला. नेहमी तसंच होतं. मी म्हटलं, आल्याच्या सरबतासाठी मी एवढ्या लांब परत येऊ होय?

"नाही," तो म्हणाला. "बिअरसाठी ये."

वारा एवढा होता की गाडी हलत होती. मी पदराने नाक पुसलं. मग विचारलं, धान्याचं ते पाणी बुडाला लागतं का रे? तो म्हणाला, लागतं, नाही ढवळलं तर.

"मग ढवळायला मी येते," मी म्हटलं.