हौश्याच्या शिंगांचं हँडल

बार्शीटाकळीच्या चंद्रभानजींनी एकसष्ट साली भारदस्त फटफटी घेतली, तेव्हा कोंबड्या सोडून सगळ्या गावानं तिचं कौतुक केलं. खरा विरोध घरातच होता. बायको जमुना मागं बसायला तयार नव्हती.

तक्रार हँडलची होती. ते इतकं बुटकं, की चंद्रभानजी त्यावर ओणवे झाले म्हणजे विहिरीत पडलेली बादली शोधताहेत असं वाटे.

"अशा वाकल्या माणसाच्या मांगं बसून मी माहेरी जाऊ?" जमुना म्हणाली. "बैलांच्या दमणीत कसे ताठ बसता! तसे बसान तर येईन. नाई तर भाच्याच्या बारशाले मी यष्टीनं जाईन अकोटले."

बायको एसटीनं आणि आपण रिकाम्या फटफटीवर? सासुरवाडीत मग कोणत्या तोंडानं जेवायचं? चंद्रभानजींनी अकोला गाठलं. तिथले उत्तमराव मिस्त्री नळ्या वाकवून हवी तशी हँडलं करून देत. एक नांगराच्या रुमण्यासारखं सरळ, एक बोकडाच्या शिंगांसारखं मुरडलेलं. चंद्रभानजींनी बाजारातला बैल पाहावा तसं प्रत्येकाभोवती फिरून पाहिलं, थोपटलं. एक तर 'रागीट दिसते' म्हणून नाकारलं.

"चावत नाई ते, चंद्रभानजी," उत्तमराव म्हणाले.

शेवटी त्यांनी उत्तमरावांनाच फटफटीवर घालून गोठ्यात आणलं आणि आपल्या लाडक्या हौश्या बैलापुढं उभं केलं.

"घ्या माप."

"बैलाचं?"

"शिंगाचं! असं वर जाऊन झोकात मांगं आलेलं पायजे मले."

उत्तमराव सुतळी लावू लागले. हौश्याला वाटलं पोळा आला. तो सजायला मान खाली घालून उभा राहिला.

हँडल आलं ते झगझगीत, टोकांना बैलाच्या शिंगांना घालतात तशा पितळी शेंब्या लावून. चंद्रभानजी बसले आणि आपोआप ताठ झाले, जणू वरातीतला नवरदेव. जमुनेनं एकदा पाहिलं, नवं लुगडं नेसली आणि मागं बसली. चंद्रभानजी हवेत तरंगत निघाले.

पहिल्या वळणापर्यंत.

बैल वळतो तो सगळ्या अंगानं. हे हँडल मात्र एकटंच वळलं, त्याचं एक शिंग चंद्रभानजींच्या गुडघ्याला अडलं आणि फटफटी सरळ तुरीच्या शेतात शिरली.

नेमकी तेवढ्यात एसटी आली.

"जाय तू यष्टीनं," चंद्रभानजी मेल्या आवाजात म्हणाले.

जमुनेनं एसटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तुरीत रुतलेला हा माणूस अजून ताठच बसला होता! तिला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. एसटी थांबली, वाट पाहून निघूनही गेली. जमुना खाली उतरली, पुढं गेली आणि दोन्ही शिंगं धरली.

"उतरा अन् ढकला मांगून. च्यक् च्यक्, वळ माह्या राजा!"

फटफटी वळली.

अकोटपर्यंत प्रत्येक वळणावर हाच सोहळा. सासुरवाडीच्या गल्लीत तर दोघं चालतच शिरली: जमुना शिंगं धरून पुढं, चंद्रभानजी छाती काढून मागून ढकलत. पाळण्याची दोरी सोडून बाया दारात आल्या.

"अवो बाई, हे काय आणलं?" म्हणत भावजय गंगूबाईनं हात पुढं केला.

"नोको लावू हात," जमुना म्हणाली. "नवख्या माणसाले बुजते ते."