नर्सबाईंच्या पिशवीतला फोन

"पयले पूरं आयकून तं घ्या," असं तो म्हणाला की समोरच्यानं खुशाल खुर्ची ओढून बसावं. कारण यापुढं जे यायचं ते एका वाक्यात कधीच यायचं नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण चहा सांगतानासुद्धा इतका लांबचा विचार करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

"चार कट आणजो," तो चहावाल्याला सांगायचा. "अद्रक असल तं टाकजो. नसल तं इलायची. ते बी नसल तं तसाच आणजो, पर मंग साखर कमी. आन दूध फाटलं असल तं सांगाले येऊ नको, आमी समजून जाऊ."

"भाऊ, चहा पाह्यजे का नाई, येवढंच सांगा," चहावाला म्हणायचा.

घुग्घुसला टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं, अजून आहे. सिमेंट कारखान्यात माल भरायला येणाऱ्या ट्रकना रांगेचे नंबर देणारा प्रोग्राम आमचा. नंबर जवळ आला की ड्रायव्हरच्या मोबाइलवर मेसेज जातो, तोवर बिचारा झोपतो, आंघोळ करतो, डबा खातो. प्रोग्राम तो लिहायचा, ड्रायव्हरांच्या शिव्या मी ऐकायची आणि आमच्या दोघांवर मालक ओरडायचे. टेबल सकाळी पुसावं तर दुपारी त्यावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ.

त्याची बायको नर्स. एटापल्लीच्याही पुढं, जंगलातल्या एका गावात, उपकेंद्रावर तिची नेमणूक झाली होती आणि लहान पोरगी तिच्याजवळ राहायची. हा शनिवारी दुपारी मोटरसायकल काढायचा आणि सोमवारी धुळीनं माखून परत यायचा. मालक त्याला चिडवायचे, "दुनियेची बायको नवऱ्याच्या मागं जाते, तू काऊन उलटा चालून राह्यला बे?" तो नुसता हसायचा.

एका सोमवारी तो आला आणि मला म्हणाला, "ताई, गंमत आयका. मी गाडीवरून उतरलो, तं पोरगी घरात पळाली. आईले म्हणते कशी, पाहुणे आले."

सांगताना हसला. मग चष्मा काढून पुसत बसला, बराच वेळ पुसला. मी माझ्या डब्यातला चिवडा त्याच्यापुढं सरकवला.

त्यानंतर त्यानं एकच ध्यास घेतला. त्या पोरीच्या घरात पाहुणा म्हणून जायचं नाही.

आमच्या ऑफिसच्या संगणकात तेव्हा नुकताच एक एआय मदतनीस आला होता. त्याला साध्या भाषेत काम सांगायचं, तो प्रोग्राम लिहून देतो, चूक शोधतो, दुरुस्त करतो. बसून सांगायला मात्र संगणकापुढं यावं लागे. यानं काय केलं, त्या मदतनिसाला आपल्या मोबाइलच्या मेसेजशी जोडून टाकलं. आता हा कुठूनही मेसेज करणार आणि तो घुग्घुसच्या संगणकात काम करणार.

"पर तुझ्या त्या गावात तं रेंजच नाई," मी म्हटलं. बोलताना मीही त्याच्यासारखीच बोलू लागते.

"पयले पूरं आयकून तं घ्या. फोन लावा, तं रेंज लागते. संगणक जोडा, तं लागते. मेसेज थांबते ना, ताई. फोनमंदी बसून राह्यते, रेंज भेटली का चालला जाते."

पहिल्याच दिवशी त्यानं घोळ घातला. आपल्याकडं कुठलंही काम चार जणांना बोलावल्याशिवाय सुरू करायची पद्धत नाही. बोअर मारायची असली तरी सगळा मोहल्ला खुर्च्या टाकून बसतो. त्याच सवयीनं यानं मदतनिसाला सोडलं ते थेट ड्रायव्हरांच्या ग्रुपात, सगळ्यांदेखत. आणि ग्रुपात जो बोलेल त्याचं तो ऐकेल, अशी सोयही करून ठेवली.

गडचांदूरच्या एका ड्रायव्हरनं लिहिलं, "भाऊ, मले पयला नंबर दे. सासरा बिमार हाय."

मदतनिसानं सासऱ्याच्या तब्येतीची चौकशी केली आणि नंबर पुढं घेतला. ते पाहून दुसऱ्याचा सासरा आजारी पडला. जेवणाच्या वेळेपर्यंत आजूबाजूच्या जिल्ह्यांतले झाडून सारे सासरे अंथरुणाला खिळले होते आणि सकाळपासून रांगेत उभा असलेला एक बिनलग्नाचा ड्रायव्हर सगळ्यात मागं गेला होता. तो जिना चढून वर आला आणि माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाला, "मॅडम, लगन नाई झालं हा माहा गुना हाय काय?"

मालकांनी त्या दिवशी काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. त्यानं मात्र निमूटपणे मदतनिसाला ग्रुपातून काढलं आणि कुलूप घातलं. इथून पुढं चालू प्रोग्रामात कुठलाही बदल लावायचा तर फक्त याच्याच नंबरवरून आलेला शब्द चालेल. दुसऱ्या कुणाचाही नाही, मालकांचासुद्धा नाही.

मालकांनी त्याला पोळ्यापर्यंत मुदत दिली. तोवर जंगलातून काम करून दाखव. मध्ये एक दिवस जरी रांग थांबली तर मुकाट्यानं घुग्घुसला यायचं, नाहीतर दुसरी नोकरी पाहायची. तो त्याच आठवड्यात गाडीला गादी बांधून निघाला.

त्या गावात खरंच काडीची रेंज नव्हती. पण नर्सबाई लसीकरणाच्या फेरीला निघाल्या की वाटेत एक टेकडी लागायची आणि तिच्या माथ्यावर रेंज यायची. मग या दोघांनी पद्धत बसवली. हा रात्री सगळे मेसेज लिहून ठेवी. सकाळी फोन बायकोच्या पिशवीत, लसींच्या डब्याशेजारी. टेकडीवर मेसेज सुटत, मदतनिसाची आदली उत्तरं पिशवीत येऊन पडत आणि संध्याकाळी फोन घरी. एकेका प्रश्नाला एकेक दिवस. जुन्या काळी पत्रं जायची तसंच म्हणा.

दुसरा कुणी वैतागला असता. हा तर जन्मभर याच कामाची तयारी करत असल्यासारखा खुलला! त्याचे मेसेज संगणकावर माझ्यासमोरच उमटायचे. "भाऊ, पयले पूरं वाचून घेजो. यादी लांब झाली तं दोन पानं करजो. दोन पानं करून अटकली तं जुनीच ठेवजो, मले उद्या सांगजो. अन् ताईले काही समजलं नाई तं त्याईले नीट समजावून सांगजो, त्या रागावते, पर मनात नाई ठेवत." हे वाचून मी रागावले. मनात ठेवलं नाही.

कधी नर्सबाई टेकडीवर असतानाच मदतनिसाचा प्रश्न येऊन धडकायचा. त्या बिचाऱ्या उत्तर द्यायच्या, "ते घरी आहेत. विचारून उद्या सांगते." तिकडून यायचं, "काही हरकत नाही, मी थांबतो." इतक्या अदबीनं बोलणारी दोघं आमच्या ऑफिसात कधी बसली नव्हती.

असं सगळं सुखात चाललं होतं. पोळा तोंडावर आला आणि कारखान्यानं दुसरं गेट उघडायचं ठरवलं. मी आदल्या दिवशी त्याला कळवलं, संध्याकाळी त्याला ते मिळालंही असावं. सकाळी दोन्ही गेटं सुरू झाली आणि आमच्या प्रोग्रामनं दोन्हीकडं तेच ते नंबर वाटायला सुरुवात केली. एकाच नंबरचे दोन ट्रक. ड्रायव्हर एकमेकांच्या अंगावर धावून जाऊ लागले, माझा फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही.

मदतनिसानं चूक लगेच शोधली होती. संगणकावर त्यानं लिहिलं होतं, "दुरुस्ती तयार आहे. लावू का?" आणि तो याच्या शब्दाची वाट पाहत बसला होता.

शब्द येईना. टेकडीची वेळ टळली, दुपार झाली. बाहेर पाऊस कोसळत होता. मी माझ्या मोबाइलवरून लिहिलं, "लाव." मदतनीस म्हणाला, माफ करा, तुमच्या नंबरला तशी परवानगी नाही. मग मालक स्वतः बसले आणि त्यांनी आपल्या मोबाइलवरून त्याला आई-बहिणीवरून लिहिलं. त्यावर मदतनिसानं, तुमचा त्रास मी समजू शकतो, असं उत्तर दिलं. मालकांनी मोबाइल टेबलावर फेकला. रांग बंद पडली होती. म्हणजे याची मुदत संपली होती आणि त्याला तिकडं पत्ताही नव्हता.

दिवेलागणीला संगणकावर त्याचा मेसेज उमटला. आदल्या रात्री लिहिलेला, नेहमीसारखा लांबलचक. "भाऊ, उद्या दुसरं गेट खुलून राह्यलं. नंबर सारखे आले तं नंबरापुढं गेटाचं नाव लावजो. ते जमलं तं मले विचारू नको, लावून टाकजो." मदतनिसानं तत्काळ लावलं. गेटवरचा आरडाओरडा थांबला, ट्रक हलले.

मेसेज इतका उशिरा का आला ते नंतर समजलं. नर्सबाई सकाळी टेकडीकडं निघाल्या, तर एका पाड्यावरून बोलावणं आलं, बाई अडली होती. त्या तिकडं वळल्या. दिवसभर नाला भरून होता. पाणी उतरल्यावर बाळंतिणीला घेऊन अँब्युलन्समधून मोठ्या दवाखान्यात निघाल्या आणि वाटेत कुठंतरी रेंज लागली. त्यांचे दोन्ही हात त्या बाईला धरण्यात गुंतलेले. पिशवीतून मेसेज सुटला हे त्यांना कळलंसुद्धा नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप होती.

मालकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "ते सारं ठीक हाय बाई, पर रांग थांबली का नाई? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथी हजर राह्य म्हणा त्याले. नाई आला तं समजलो मी."

मी तसं कळवलं. पोळा झाला. दुसऱ्या दिवशी मालक लवकर येऊन बसले. प्रत्येक मोटरसायकलच्या आवाजाला मी खिडकीतून पाहत होते. तो आला नाही. संध्याकाळी मालक जिना उतरून गेले आणि मला त्याचा भयंकर राग आला. एवढा पुढचा विचार करणारा माणूस, आणि पोट भरायच्या गोष्टीत असा कसा?

शनिवारी दुपारी त्याचा मेसेज आला, या वेळी माझ्या मोबाइलवर. "ताई, शेठले सांगजा. रविवारी इथी लेकरांचा तान्हा पोळा ठेवला हाय. पोरीचा पयला नंदी हाय. मले येणं नाई जमत. नोकरी गेली तं जाऊ द्या." चहा सांगताना चार फाटे फोडणाऱ्या माणसानं नोकरीचं इतक्या थोडक्यात आटपलं होतं. खाली फोटो होता. नव्या फ्रॉकमधली पोरगी, हातात दोरी, दोरीला चाकांचा लाकडी नंदी. शेजारी हा गुडघ्यावर बसलेला, नंदीची झूल नीट करतोय. पोरीचा एक हात त्याच्या टकलावर, एखाद्या कठड्याला धरावं तसा.

मालक संध्याकाळी आले तेव्हा मी मोबाइल त्यांच्यापुढं धरला. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला, पुन्हा मोठा केला.

"नंदीचे शिंगं उलटे लावले ना बे यानं," ते म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता मोबाइल मला परत दिला. "सांगा त्याले, तिथीच राह्य म्हणा. काम सुरू ठेव. पर त्या मशीनले हुकूम द्याले तुमचा बी नंबर टाकाले लावा. आन याची खुर्ची हटवा इथून, ड्रायव्हर लोक येते तं बसाले जागा नाई."

मी लगेच लिहिलं. घाईत दोन चुका झाल्या, त्या तशाच राहू दिल्या. पाठवलं. मेसेजपुढं एक टिक आली.

दुसरी येईना. फोन टेकडीवरून केव्हाच खाली गेला होता आणि दुसऱ्या दिवशी रविवार, नर्सबाईंची फेरी नाही. रविवारी मी घरी भाजी निवडत होते, मध्येमध्ये हात पुसून मोबाइल पाहत होते. एकच टिक. तिकडं तो नोकरी गेली असं धरून चालला असणार, आणि तरी पोरीला घेऊन अंगणात बसला असणार. मला भरून आलं. माझ्या नवऱ्यानं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, सोमवारी कळेल त्याला.

खुर्ची मी शनिवारीच भिंतीशी नेऊन ठेवली होती.