न गिळलेल्या गोळ्या

बाइंडर म्हणूनच सारी गल्ली त्यांना ओळखायची. सुटी झालेली पानं शिवायची, डिंक लावायचा, पुठ्ठा चढवायचा, यात त्यांची चाळीस वर्षं गेली. चार वर्षांपूर्वी हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडू लागले, तेव्हा डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू केली. "हृदय बेताल झालंय, टाका मात्र सरळ पडतो," असं ते गिऱ्हाइकांना हसत सांगायचे.

यंदा दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्यात गाठ दिसली. डॉक्टरीणबाईंनी गोळी दोन दिवस आधी थांबवली, गाठ काढली, जखमेवर बारीक क्लिपा लावल्या आणि तिसऱ्या दिवशी गोळी परत सुरू केली. वर बजावलं, "पंधरा दिवस जड उचलू नका. रक्त दिसलं तर तडक या. पण मनाने गोळी बंद करू नका."

सहाव्या दिवशी शाळेची रजिस्टरं द्यायची होती. बाइंडरांना कुठला धीर! गठ्ठा उचलून त्यांनी दाबयंत्राखाली सरकवला. दुपारी संडासात रक्तच रक्त. बायकोला हाक मारायचंही सुचेना. दार धरून नुसते उभे राहिले.

दवाखान्यात पुन्हा दुर्बीण घातली, आणखी एक क्लिप लावली, रक्त थांबलं. "उद्यापासून गोळी चालू," असं सांगून तीन दिवसांनी घरी सोडलं. पण त्या रक्ताने बाइंडरांच्या मनात घर केलं होतं.

बायको रोज सकाळी गोळी आणि पाण्याचा पेला हातात द्यायची.

"घेतली का?"

"घेतली गं. लहान पोर आहे का मी?"

दहा दिवसांनी दुकानात बसल्या बसल्या सुई उजव्या हातातून गळून पडली. उचलायला वाकले ते वर आलेच नाहीत. शेजारचा घड्याळवाला धावत आला. बाइंडर काहीतरी सांगत होते, पण एकही शब्द धड उमटत नव्हता. मेंदूत रक्ताची गुठळी गेली होती. आठव्या दिवशी ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर मुलीने टाइप केलेला कागद आईपुढे ठेवला. "सही कर. त्या डॉक्टरबाईमुळे बाबा गेले. मी तक्रार करणार."

आई उठली, कपाटातून रुमालाची पुरचुंडी आणून तिने सोडली. "त्यांचा दुकानातला सदरा धुवायला काढला तेव्हा खिशात या गोळ्या सापडल्या. दहा आहेत."

मुलीने गोळ्या मोजल्या. "डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाल्या, गोळी घेतली असती तर हे टळलंच असतं अशी खात्री नाही, पण धोका बराच कमी होता. रक्त पुन्हा आलं असतं तर थांबवता आलं असतं." आईने गोळ्या पुन्हा रुमालात गोळा केल्या. "मग म्हणाल्या, त्यांना भीती वाटतेय का, हे मी विचारायला हवं होतं. अगं, डॉक्टरीणबाईंनी नाही विचारलं, पण मी तर घरात होते! पेला द्यायचे आणि चहाकडे वळायचे. इतक्या वर्षांत तुझ्या बाबांनी मला एकदाच फसवलं गं."

मुलीने कागद घडी करून पर्समध्ये टाकला. ती आईजवळ सरकून बसली.

दुसऱ्या दिवशी दोघींनी दुकान उघडलं. सात पुस्तकं अर्धी शिवून पडली होती. ज्या-त्या गिऱ्हाइकाला फोन करून त्यांनी सांगितलं, "आहेत तशीच घेऊन जा."