चिंधाभाऊ मशीन थांबवतात

चिंधाभाऊंच्या सुरतेतल्या, गोडादऱ्याच्या खोलीत कॉम्प्युटर आला, तेव्हा शेजारच्या धुरपदाबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मग विचारलं, "याच्यावर सिरियल दिसते का वो?"

दिसत नव्हती. सिरियल सोडा, चिंधाभाऊंना जे हवं होतं तेही दिसत नव्हतं. त्यांना हवा होता कापडावरची नक्षी काढायचा प्रोग्रॅम, आणि तोही सोमवारच्या आत. रविवारची दुपार उलटत आली तरी घोडं वेशीतच अडलेलं.

बाकी लोकांना वाटायचं, म्हातारपणी या माणसाला कॉम्प्युटरचं खूळ लागलं. कसलं खूळ आणि कसलं काय! मिसरूड फुटायच्या आधी हा माणूस अमळनेरकडून सुरतेत आला आणि लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात उभा राहिला, तो आजतागायत उभाच आहे. बारा-बारा तासांची पाळी, आणि पाळीत बसणं नाही. पिंडऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या वर आलेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, उभं राहायचं काम सोडा. जसं काही खात्यात बसायचं काम शिल्लक ठेवलंय कुणी यांच्यासाठी!

महिन्यापूर्वी दोन चालू लूमच्या मधल्या बोळीत चिंधाभाऊंचे पाय अचानक गेले आणि ते पडले. हात लूमच्या फिरत्या पट्ट्यापासून वीतभर लांब राहिला म्हणून वाचला. कारागिरांनी उचलून बाहेर आणलं, पाणी पाजलं. मालक गोड आवाजात म्हणाला, "काका, हवे घेर आराम करो," आता घरीच आराम करा. त्या गोडव्याचा अर्थ न कळण्याइतके चिंधाभाऊ खुळे नव्हते. हातापाया पडून टिकून राहिले, पण पुन्हा एकदा पडलो की संपलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरी त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नाही. बायको सरलाबाई घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची. कळलं असतं तर तिने लगेच आणखी साड्यांचं काम अंगावर घेतलं असतं, आणि तिचे डोळे आधीच अधू झालेले.

अशात रामदास भेटला. पूर्वी त्यांच्याच खात्यातला, आता बमरोलीला कॉम्प्युटरवर कापडाची नक्षी काढून द्यायचं त्याचं छोटं दुकान. तो म्हणाला, "भाऊ, तुझा डोळा तयार आहे, फक्त हात तयार कर. माझे दोन्ही कॉम्प्युटर दिवसभर अडकलेले असतात, शिकायचं ते घरी शिक. सोमवारी एक फूल काढून आण. जमलं तर ये माझ्याकडे, बसून काम आहे." पेनड्राइव्हमध्ये त्याने प्रोग्रॅमही घालून दिला.

बसून काम! चिंधाभाऊंना रात्रभर झोप लागली नव्हती.

कॉम्प्युटर दिला समाजाच्या मंडळाचे जयंत सर यांनी. शाळेतून बाद झालेला, पण चालणारा. फक्त त्याच्यावरची सिस्टिम वेगळी होती. सगळ्या सुरतेत असते ती नाही, फुकट मिळते ती. फुकट म्हटल्यावर चिंधाभाऊ खूश झाले. म्हणतात ना, फुकटचं ते पौष्टिक!

पौष्टिक कसलं, नाकी नऊ आले. पेनड्राइव्ह लावला, प्रोग्रॅमवर दोनदा दाबलं, काहीच होईना. जोरात दाबलं, तरी होईना. सरांना फोन केला. सर म्हणाले, "तो प्रोग्रॅम दुसऱ्या सिस्टिमचा आहे. मध्ये एक दुभाष्या प्रोग्रॅम टाकावा लागेल. काळी खिडकी उघडा, मी व्हॉट्सअ‍ॅपवर ओळ पाठवतो, ती जशीच्या तशी लिहा."

चिंधाभाऊंनी एका बोटाने ओळ लिहिली. मग पासवर्ड मागितला. तो लिहायला लागले, तर पडद्यावर एक टिंबसुद्धा उमटेना. बटणं मेली म्हणून त्यांनी कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून बिस्किटाचा चुरा निघाला. पुन्हा सरांना फोन. "दिसत नाही, पण लागतो," सर म्हणाले. न दिसणारं लिहायचं, आता बोला! पण लिहिलं, आणि लागला. मोबाइलच्या नेटवर काम सुरू झालं.

इथं खरी गंमत झाली. पडद्यावर पांढरी अक्षरं सुरू झाली ती सुसाट वर पळायला लागली. चिंधाभाऊंनी डोळे फाडून पाहिलं आणि दुसऱ्या क्षणी भिंतीवरचा खटका बंद केला.

त्यांनी केला असंही म्हणता येत नाही, हातानेच केला. लूमवर एकच धर्म असतो: धागा तुटला, आवाज बदलला, नेहमीपेक्षा काही निराळं दिसलं, की आधी मशीन थांबवायचं. विचार नंतर. विचार करत बसलात तर तेवढ्यात हातभर कापड वाया जातं. हा हात झोपेतही मशीन थांबवायचा, आणि सरलाबाईंनी त्याचे तडाखे वर्षानुवर्षं खाल्ले होते. जित्याची खोड, दुसरं काय!

"बंद का केलं?" सरांनी फोनवर विचारलं.

"बिघडलं होतं, सर."

"कशावरून?"

"पळत होतं."

सर म्हणाले, "भाऊ, पळतं म्हणजे चालू आहे. हात लावू नका."

चिंधाभाऊंनी कानाला खडा लावला. पुन्हा सुरू केलं, तर मशीन म्हणे आधीचं काम अर्धवट राहिलंय, ते आधी निस्तरा. सरांनी निस्तरायची ओळ पाठवली. अक्षरं पळाली, चिंधाभाऊ दात आवळून बसून राहिले. बराच वेळ पळून अक्षरं एका जागी थांबली. हलेचनात. चिंधाभाऊंनी पडद्यावर टिचकी मारून पाहिली. आणि खटका बंद!

पहिल्यांदा पळतं म्हणून बंद केलं, दुसऱ्यांदा पळत नाही म्हणून. आता मशीन सुरू केलं तर रोजचा निळा पडदाही येईना, नुसती काळी खिडकी. सरांना फोन करताना चिंधाभाऊंचा आवाज चोरट्यासारखा झाला होता. सर बिचारे लग्नाला निघालेले. म्हणाले, "नेट हळू आहे म्हणून थांबलं असेल हो! ही शेवटची ओळ पाठवतो. पण भाऊ, आता मध्येच तोडलंत तर सगळंच जाईल. मग मी आल्यावरच बघू, बुधवारी."

बुधवार! सोमवारचं काम बुधवारी कोण बघतो? चिंधाभाऊंनी ओळ लिहिली, शेवटचं बटण दाबलं, अक्षरं पळायला लागली, आणि त्यांचा उजवा हात आपसूक मांडीवरून उठला.

खाली साडी पसरून बसलेल्या सरलाबाई मघापासून बघत होत्या. त्या उठल्या, गोंदाची बोटं लुगड्याला पुसली, नवऱ्याशेजारी बसल्या आणि त्यांचे दोन्ही हात धरून आपल्या मांडीवर दाबून ठेवले.

"सोड, थांबी गयं ते!"

"थांबू द्या. गोंद सुकस तवलोंग साडीले हात लावतस का आम्ही? गुमान बठा."

अक्षरं खरंच थांबली होती. चिंधाभाऊंचे हात ओढ घेत होते, सरलाबाई सोडत नव्हत्या. इतक्या वर्षांच्या संसारात असे हात धरून ते कधी बसले नव्हते. थोड्या वेळाने हातांतली ओढ संपली.

"इतलं काय शे त्या फुलमा?" सरलाबाईंनी विचारलं. "नई जमनं तर नई जमनं. खातं शे ना?"

आणि मग महिनाभर दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं. "मी खातामा पडनू व्हतू," चिंधाभाऊ म्हणाले. "चालू लूममा. मालक म्हने घर बठ. आते मनाघाई उभं ऱ्हानं व्हत नई वं." उभं राहणं आता आपल्याच्यानं होत नाही, एवढं कबूल केलं आणि लहान पोरासारखे रडले.

सरलाबाई एकदम उसळल्या, "महिना व्हयना, अन् माले आज सांगी ऱ्हायनात?" पण हात सोडले नाहीत. "रामदास हो म्हनो का नई म्हनो, तुम्ही आते खातामा जावानं नई."

"मंग खावानं काय?"

"ते मी दखसू."

आणखी साड्या घेऊन तीच बघणार, याचीच तर त्यांना भीती होती! पण आता वाद घालायचं त्राण नव्हतं. पडद्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. पाहिलं तेव्हा काम केव्हाच पुरं झालं होतं, आणि रामदासच्या पेनड्राइव्हवर दाबल्यावर प्रोग्रॅम मुकाट्याने उघडला, जसं काही सकाळपासून त्याने कुणाला छळलंच नव्हतं. चिंधाभाऊंनी माउस धरला. देठ काढला, तीन पाकळ्या काढल्या. चौथीला डोळा लागला. सरलाबाईंनी त्यांना उठवलं नाही.

सोमवारी ते रामदाससमोर उभे राहिले. रामदासने पेनड्राइव्हमधून आणलेलं फूल पडद्यावर बघितलं. "हे अर्धंच का?"

वाटेत बहाणे जुळवले होते. नेटचं, लाइटचं. पण एकदा बायकोला सांगून झालेलं, आता लपवायचं ते काय! "झोप लागली," चिंधाभाऊ म्हणाले. मग पडल्याचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, पॅन्टचा पाय वर करून शिरा दाखवल्या.

रामदासने स्वतःची खुर्ची ओढून पुढे केली. म्हणाला, "फूल मागून बघू भाऊ. आधी बस."

चिंधाभाऊ बसले, ते जेवायच्या सुटीपर्यंत उठले नाहीत.