पंख्याचा आवाज

प्रोसेसरवर लावायची राखाडी पेस्ट आज उघडली, आणि तिच्या तेलकट वासासरशी शनिवार पेठेतलं ते अरुंद दुकान आठवलं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि घरासाठी कॉम्प्युटर जोडून घ्यायचा होता. मला नव्या जनरेशनचा प्रोसेसर हवा होता. दुकानदारही बाबांना म्हणत होता, “सर, नवाच घ्या, स्पीड में जमीन-आसमान का फरक है.” ते शाळेत मराठी शिकवायचे, त्यांना यातलं काही कळत नसे. तरी ते म्हणाले, “दोन्ही चालू करून दाखवता का?” टेबलावर दोन उघडी मशिनं सुरू झाली, एकात नवा प्रोसेसर, दुसऱ्यात आधीच्या जनरेशनचा. रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट होता, म्हणून बाबांनी काचेचं दार लावून घेतलं. मग स्क्रीनकडे न बघता ते वाकले आणि डोळे मिटून एकेका मशीनला कान लावत राहिले. नवा जास्त तापायचा, त्याचा पंखा घोंगावत होता. “जुना घे बेटा,” ते म्हणाले, “याचा आवाज कमी आहे.” मी चिडून म्हटलं, “बाबा, कॉम्प्युटर काय ऐकायला घेतात?” ते सरळ उभे राहिले. “डॉक्टर म्हणतात, माझी नजर आता फार दिवस राहणार नाही. पुढे पुस्तकं मला हाच वाचून दाखवणार ना.” दुकानदाराने नवं मशीन बंद केलं. बाबा गेल्यावर आज पहिल्यांदाच मी नवा कॉम्प्युटर जोडलाय, आणि या वेळी प्रोसेसर अगदी नव्या जनरेशनचा घेतलाय. बटण दाबलं, आणि स्क्रीन उजळायच्या आधीच मी डोळे मिटून खाली वाकले.