काकांना मिळालेली मऊ खुर्ची

मोठ्याने ओरडायला मी अमेरिकेत शिकले, आणि ते मला शिकवलं एका भूलतज्ज्ञाने. नागपूरला आमच्या घरी मुलींनी आवाज चढवायचा नसे. रेडमंडच्या ऑफिसात तर कोणीच चढवत नसे. तिथे संताप आला की लोक ईमेल लिहीत. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम. दिवसभर दुसऱ्यांचे दोष काढायचे आणि तेही गोड भाषेत. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ही शिक्षाच होती.

हे भूलतज्ज्ञ काका मला इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटले. मी स्वयंपाकघरात कोणाशी तरी मोदकांवरून कडाकडा भांडत होते आणि ते दारात पाण्याचा पेला धरून उभे होते. भांडण संपल्यावर म्हणाले, "पोरी, रविवारी मोकळी हाईस का? एवढा चांगला आवाज इथं वाया घालवतीयस."

ते मूळचे कोल्हापूरचे. तिथल्या पेठांच्या आणि तालमींच्या फुटबॉलवर वाढलेले. तरुणपणी इकडे आले आणि ऑपरेशनच्या खोलीत माणसांना झोपवत निवृत्त झाले. इतकं हळू बोलायचे की पुढे वाकून ऐकावं लागे. रेडमंडहून तळं ओलांडलं की लागणाऱ्या मोठ्या शहरातल्या फुटबॉल संघाची दोन सीझन तिकिटं, म्हणजे घरच्या प्रत्येक मॅचला ठरलेल्या दोन जागा, त्यांच्याकडे कित्येक वर्षं होती, एक त्यांची आणि एक काकूंची. काकू त्याच वर्षी गेल्या होत्या.

इथला फुटबॉल पायाने कमी आणि अंगाने जास्त खेळतात. त्याचे नियम मला आजही अर्धेच कळतात. पण एक गोष्ट पहिल्याच रविवारी कळली, ती म्हणजे तिथे प्रेक्षकाला काम असतं. समोरच्या संघाकडे चेंडू असला की त्यांचा कप्तान आपल्या गड्यांना ओरडून काहीतरी सांगतो. ते त्यांना ऐकू जाऊ द्यायचं नाही, यासाठी सगळ्यांनी मिळून बेंबीच्या देठापासून ओरडायचं. समोरचे गोंधळले, चुकले, तर ते श्रेय तुमचं. काकांनी मला हे अगदी गंभीरपणे समजावलं आणि पुढच्याच मिनिटाला उठून असे गरजले की मी दचकून बाजूला सरकले. "हाण! हाण तेच्यायला!"

आणि आख्खी रांग ओरडली, "हाण!"

रांग म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावरची, जवळजवळ छपराखालची. काकांच्या डावीकडे फेरीबोटीच्या कँटीनमध्ये काम करणारी एक जाडजूड बाई. तिच्या पलीकडे मोठ्या मिशांचा, घरांची छपरं शाकारणारा एक गडी. माझ्या उजवीकडे एक बाप आणि त्याची कॉलेजात जाणारी मुलगी. जुनं स्टेडियम पाडलं तेव्हा या सगळ्यांनी नव्या स्टेडियमात शेजारी-शेजारी जागा मिळाव्यात म्हणून एकत्र जाऊन रांग लावली होती. काकांना ते 'डॉक' म्हणत. 'हाण'चा अर्थ त्यांना माहीत नव्हता आणि कोणी कधी विचारलाही नव्हता. काकूंनी त्यांना आणखी एक सवय लावून ठेवली होती. जानेवारीत मॅच आली तर त्या तिळगूळ नेत, सगळ्यांच्या हातावर ठेवून गोड बोला म्हणत, आणि मग सगळे तोंडातला तीळ चावत रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

संघ तेव्हा सपाटून हरायचा. पावसात निम्म्या खुर्च्या रिकाम्या असत. मी सोमवारी बसलेल्या घशाने ऑफिसात जायची आणि मला तिथे कधी नव्हे इतकं बरं वाटायचं. आमच्या ऑफिसातला एकही देशी तेव्हा त्या वाटेला जात नसे. "यार, तू तिथे जाऊन भिजते कशाला?" असं मला विचारत.

मग संघ जिंकायला लागला.

मला आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण जिंकण्याची एक कळा असते, ती हळूहळू चढली. एका वर्षी संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि त्यानंतर सगळं झपाट्याने बदललं. स्टेडियमजवळच्या ज्या मोकळ्या जागेत मिशीवाला गाडीच्या मागे शेगडी मांडून सगळ्यांना सॉसेज भाजून द्यायचा, तिथे कंपन्यांचे पांढरे तंबू लागले. खुर्च्या भरल्या, पण त्यांत बसलेल्या माणसांचा आवाज होईना. कधी ओरडायचं ते मोठ्या पडद्यावर अक्षरं नाचवून सांगावं लागे. लोक पडद्याकडे बघून ओरडत, अक्षरं गेली की थांबत आणि आपल्या फोनकडे वळत. ऑफिसातले तेच देशी आता नव्याकोऱ्या जर्सी घालून यायला लागले. "काय अॅटमॉस्फियर आहे यार!" म्हणत एकमेकांचे फोटो काढत. मला ते सगळे डोक्यात जात. संघ जिंकत होता आणि मी चिडत होते.

काका मात्र चिडत नसत. "आपली रांग हाय न्हवं?" एवढंच म्हणायचे.

पुढच्या उन्हाळ्यात काकांना पंचाहत्तर पूर्ण झाली. त्यांचा मुलगा बेलव्ह्यूला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. इथेच जन्मलेला, मराठी समजणारा पण बोलताना अडखळणारा, बापावर जीव असणारा. त्याने हॉल घेतला, मंडळातल्या सगळ्यांना बोलावलं, पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळणं झालं. मग शाल आणि श्रीफळ. त्या श्रीफळाशेजारी चांदीच्या ताटात रंगीत फितीची दोन चकचकीत कार्डं होती. स्टेडियमातल्या 'क्लब' म्हणवणाऱ्या महागड्या जागांची सीझन तिकिटं! मधला मजला, गरम हवेचे झोत, गादीच्या रुंद खुर्च्या, खाणं जागेवर आणून देणारे वेटर.

"डॅडने फॉर्टी इयर्स हार्ड वर्क केलं," मुलगा माइकवर म्हणाला. "आता ते पावसात नाही बसणार. ही डिझर्व्ह्ज इट."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. आपल्यात मोठ्या माणसाला मान द्यायचा म्हणजे त्याला उचलून चांगल्या खुर्चीत बसवायचं, यापलीकडे आपली अक्कल चालत नाही. लग्नात नाही का, नवऱ्या मुलीच्या आजोबांना त्यांच्या दोस्तांमधून उठवून पुढच्या सोफ्यावर एकटं नेऊन बसवतात आणि ते बिचारे जेवणापर्यंत तसेच बसून राहतात. आणि शाल-श्रीफळासोबत आलेली वस्तू चारचौघांत परत कशी करणार? काकांनी ताट कपाळाला लावलं. मी जवळ उभी होते. त्यांनी अगदी हळू आवाजात मुलाला विचारलं, "आणि वरची?"

"ती दिली ना, डॅड. ती एक्स्चेंज करूनच ही मिळाली."

मी दुसऱ्याच दिवशी मुलाला फोन करून भांडले. म्हटलं, ती परत घे. तो चक्रावला. वरच्या जागांसाठी आता हजारो लोक नंबर लावून बसलेत, सुटली ती सुटली, म्हणाला. "बट व्हाय वुड एनीवन वॉन्ट दोज?" त्याला खरंच कळत नव्हतं. त्याच्यावर धड रागावताही येईना.

सीझन सुरू झाला आणि आम्ही मऊ खुर्च्यांत जाऊन बसलो. आमच्या पुढे कोणत्यातरी कंपनीचे पाहुणे होते. दर मॅचला नवे. ते धंद्याचं बोलत, खेळाकडे पाठ करून वाइन घेत. समोरच्या संघाकडे चेंडू आला, काका सवयीने उठले आणि गरजले, "हाण!"

कोणीच साथ दिली नाही. चार-सहा माना वळल्या. कोणी वाईट वागलं नाही, उलट सगळे हसले. एकाने कौतुकाने काकांचा फोटो काढला. मागच्या बाईने मात्र अदबीने विचारलं, "सर, तुम्ही बसाल का? आम्हाला दिसत नाहीये."

काका "सॉरी" म्हणाले आणि बसले. मी मागे वळून त्या बाईला काहीतरी बोलणार होते, पण काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यानंतर ते क्लबमध्ये ओरडले नाहीत. मीही नाही. दोघंच असे ओरडणार किती! गरम झोताखाली बसून आम्ही खेळ नुसता बघत राहिलो, आणि नुसता बघितला तर तो खेळ फार लांबलचक आणि कंटाळवाणा आहे.

"काका, तुम्ही असं कायले सहन करून राहिले?" मी एकदा परतताना गाडीत म्हटलं. "सांगून टाका ना मुलाला."

"त्यानं हौसेनं दिलंय गं," ते म्हणाले. "वरच्यांना सांगितलं पायजे पण. न सांगता आलो आपण."

संघ त्याही वर्षी जिंकत गेला आणि जानेवारीत घरच्या मैदानावर बाद फेरीची मॅच आली. संक्रांत आठवड्यावर होती, पण सीझन तिच्यासाठी थांबणार नव्हता. काकांनी माझ्याकडून तिळगूळ करून घेतला आणि मध्यंतरात डबा घेऊन आम्ही वर निघालो. त्यांचे गुडघे कामातून गेले होते. क्लबसाठी लिफ्ट होती, वर जायला मात्र चढण आणि जिने. दर वळणावर थांबत, कठडा धरत आम्ही पोचलो तोवर खेळ पुन्हा सुरू झाला होता. रांगांकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रखवालदाराने तिकीट मागितलं. क्लबची कार्डं बघून तो अदबीने म्हणाला, "सर, ही या भागाची नाहीत." काकांनी समजावलं, की फक्त दोन मिनिटं, तीस वर्षांची ओळख आहे. तो म्हणाला, आज सगळं फुल आहे, माझी नोकरी जाईल.

तिथून आमची रांग दिसत होती. आमच्या दोन जागांवर दोन पोरं बसली होती. मिशीवाल्याची पाठ दिसली. काका हाक मारायला लागले, मीही हाका मारल्या, आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर अक्षरं नाचायला लागली. सगळं स्टेडियम ओरडायला लागलं. आमचा आवाज आमच्याच कानाला ऐकू येईना. शेवटी काकांनी डबा रखवालदाराच्या हातात दिला आणि जागा दाखवली. तो "नक्की देतो" म्हणाला.

आपण जिंकलो त्या दिवशी. बाहेर पडताना गेटपाशी जप्त केलेल्या बाटल्यांच्या आणि डब्यांच्या ढिगात आमचा डबा दिसला. काकांनीही बघितला. त्यांनी माझा हात धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर ते स्टेडियमात गेले नाहीत. मुलाला सांगितलं, गुडघे दुखतात. बाद फेरीच्या उरलेल्या मॅचना मी त्यांच्या घरी जायची. ते टीव्ही लावत आणि आवाज बंद ठेवत. मी म्हणायची, "काका, ओरडा की, घर तुमचं आहे." ते हसायचे. जूनमध्ये न्यूमोनिया झाला आणि त्यातच गेले. अंत्यसंस्काराला हॉल भरला होता. मंडळ आलं, हॉस्पिटलचे लोक आले, मुलाच्या ऑफिसातले काळे सूट आले. रांगेतलं कोणी नव्हतं. त्यांना कळवणार कसं? कोणाचं आडनाव माहीत नव्हतं, फोन माहीत नव्हता.

म्हणून सीझन सुरू झाल्यावर मी वरच्या मजल्याचं एक तिकीट कोणाकडून तरी अव्वाच्या सव्वा भावात घेतलं आणि सांगायला गेले. मिशीवाला नव्हता. बाप-लेकीच्या जागेवर परगावचे पाहुणे बसले होते. जुन्यांपैकी एकटी ती फेरीबोटीवाली बाई होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अरे वा," ती म्हणाली. "क्लबवाले वर आले! गाद्या टोचायला लागल्या का?"

मी म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिकीट खिडकीवर कळलं. डॉक आता मोठ्या लोकांत बसतो म्हणाले. बसेना का! पण इतक्या वर्षांनी, एक शब्द न बोलता?" तिचा आवाज चढला होता. "गेलं वर्षभर दर मॅचच्या आधी आम्ही उभे राहून त्या क्लबच्या दिशेने 'बू' करत हुर्यो उडवली त्याची. सगळ्या रांगेने. आधी मजेत. नंतर मजेत नाही."

मग मी तिला सांगितलं. चांदीचं ताट, जिने, रखवालदार, जून. सगळं. भोवती लोक उठून ओरडत होते आणि ती तेवढी बसून होती. दोन्ही हात मांडीवर ठेवून, मैदानाकडे न बघता.

"आमचं ते बू करणं," तिने विचारलं, "त्याला खाली ऐकू नाही ना गेलं कधी?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं झालं."

बरं कसलं! ऐकू गेलं असतं तर काका त्या मऊ खुर्चीतून ताडकन उठले असते, वर तोंड करून आख्ख्या रांगेला कोल्हापुरी शिव्या घातल्या असत्या, आणि मागच्या बाईला दिसो न दिसो, बसले नसते.