देव्हाऱ्यातली सीडी

कनकेश्वराच्या डोंगराच्या निम्म्या पायऱ्या चढून होईतो विनिता फारशी बोलली नव्हती. नागोबाच्या टप्प्याशी मात्र ती थांबली. किशोरीबाई, तिच्या मराठी शाळेतल्या जुन्या शिक्षिका, दोन पायऱ्या मागून पदराने मान पुसत आल्या.

"नवस तुझा आणि गुडघे माझे, असं चाललंय."

"बसा बाई. कशाचा नवस ते तरी ऐका."

विनिताची सासू काशीबाई धवलारीण. आगरी घरात हळदीपासून बोळवणीपर्यंत एकेक विधी धवलारीण गात गात लावते. ती गाणी म्हणजे धवले. काशीबाईंनी रेवसपासून पोयनाडपर्यंत चाळीस वर्षं लग्नं लावली. अक्षर ओळखत नव्हत्या, पण ओळ कधी मागेपुढे झाली नाही. आता ब्याऐंशीव्या वर्षी दम पुरत नव्हता. दोन ओळी झाल्या की खोकल्याची ढास. आणि दिवाळीनंतर विनिताच्या मुलीचं, आरोहीचं लग्न होतं. काशीबाईंची भाची कल्पिता धवले गायला तयार झाली, पण तिला निम्मेच येत होते. बाकीचे होते ते फक्त सीडीवर.

सतरा वर्षांपूर्वी गावच्या मंडळाने पन्नास सीड्या काढल्या होत्या. पुढे लोकांनी त्या वालाच्या मळ्यात पाखरं हुसकायला टांगल्या. एक वाचली, कारण विनिताने ती देव्हाऱ्यात ठेवली होती.

आरोहीच्या लॅपटॉपला सीडीची जागाच नव्हती. विनिताने अलिबागहून वायरीने जोडायचा ड्राइव्ह आणला. सीडी घातली. ती घरघर फिरली, थांबली, पुन्हा फिरली, आणि पडद्यावर आलं : डिस्क टाका.

"टाकलीय की मेल्या!" विनिता म्हणाली.

"त्याला काय शिव्या देतेस?" नवरा दयाराम ट्रकच्या खेपेला निघता निघता म्हणाला. "आता सीडी कोण ऐकतं गो? माझ्या गाडीतल्या मी केव्हाच फेकल्या."

"तुमच्या आईचा आवाज आहे त्यात."

दयारामने जाता जाता वायर एकदा घट्ट खोचून पाहिली.

अलिबागच्या दुकानदाराने सीडी हातातही न घेता सांगितलं, "मावशी, गेली ती." घरी येऊन विनिताने त्याच ड्राइव्हमध्ये आरत्यांची सीडी घालून पाहिली. ती वाजली. म्हणजे ड्राइव्ह धड होता, खोट सीडीतच होती. मग तिने ती खिडकीशी उजेडात तिरकी धरली, तर भोकाशेजारी लाल-पिवळा थर दिसला.

दर दसऱ्याला ती देव्हाऱ्यातल्या सगळ्याला हळदकुंकू लावायची, सीडीलासुद्धा. चकचकीत बाजू तीच तिची दर्शनी बाजू समजून, अगदी भोकाशेजारी, बोटभर. आणि आरोहीने फोनवर शोधून सांगितलं की सीडी वाचली जाते आतून बाहेर. गाण्यांची यादीच त्या आतल्या कड्यात असते. सोळा-सतरा दसऱ्यांचं कुंकू नेमकं त्या यादीवर बसलं होतं.

"आई, मीच घालवले हो तुमचे धवले," ती काशीबाईंना म्हणाली. "कुंकू लावून."

"देवापुढच्या वस्तूला कुंकू न्हाय लावाचा तर काय चुना लावाचा?" काशीबाई म्हणाल्या. "रडतं काय? धू जा."

काशीबाईंच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. गोल गोल पुसायचं नाही, भोकापासून काठाकडे सरळ बोट न्यायचं. कुंकू सुटलं, हळदीचा डाग राहिला. या वेळी यादी उमटली. चौदा गाणी! विनिताने चौदाही फायली उचलून लॅपटॉपवर टाकल्या. मिनिटात काम झालं. तिने सीडी काढून पेढे वाटायचंच बाकी ठेवलं होतं, तर एकही गाणं वाजेना. फायली एकेका केबीच्या. गाणी कुठे आहेत त्याचे नुसते पत्ते होते ते, गाणी सीडीवरच राहिली होती.

"पत्रावळी मांडल्या, भात वाढलाच नाही," किशोरीबाई पायरीवर बसल्या बसल्या हसल्या.

"तसंच! मग आरोहीने गाणी खरोखरची उतरवून घेणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्यात चुका तपासत, सावकाश वाचायचं बटण असतं. नऊ गाणी सुरळीत आली. दहाव्याला तीन तास लागले. अकरा-बारा आली. तेरावं काही केल्या येईना, दर वेळी तिथंच अडकायचं. चौदावं मी आधी काढून घेतलं. मग वाटलं, ड्राइव्ह तरी बदलून बघावा. एकाला जमत नाही ते दुसऱ्याला जमतं कधी कधी."

"म्हणून त्या रविवारी माझा जुना कॉम्प्युटर मागायला आली होतीस होय! मला वाटलं, फॉर्म भरायचाय."

"आधीच कसं सांगू? नाही आलं तर? तुमच्या खोलीत बसून कनकेश्वराला नवस बोलले. आणि तुमच्या त्या खडखड्या मशीनने तेरावं काढून दिलं, बाई."

गायिकेच्या जागी कॉम्प्युटरने 'अनोळखी कलाकार' असं लिहिलं होतं. विनिताने चौदाही ठिकाणी ते खोडून 'काशीबाई रावजी म्हात्रे, धवलारीण' असं एकेका अक्षराने भरलं. संध्याकाळी ओटीवर गाणी लावली. शेजारणी जमल्या. काशीबाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "हिचा गळा बरा हाय." सगळ्या हसल्या तरी त्यांचा चेहरा ताठच होता. आता कल्पिता रोज स्वयंपाक करताना ऐकते, आणि दयाराम उरणच्या बंदराबाहेरच्या रांगेत ट्रक उभा करून शेजारच्या ड्रायव्हरांना ऐकवतो : माझी आई आहे ही.

"गाण्यांचा पेनड्राइव्ह आणलायस ना देवाला दाखवायला?" किशोरीबाई उठल्या. "कुंकू लावू नकोस म्हणजे झालं."

विनिता हसली, पण उठली नाही.

"दहाव्यात दोन ठिकाणी शब्द तुटलेत, बाई. आईंना ते अजून सांगता येतात, गाता येत नसलं तरी. मशीनवर सगळं सोडायची आता भीती वाटते. तुमचं अक्षर चांगलं आहे. आमच्याकडे येऊन बसा, त्या सांगतील तसे चौदाही धवले वहीत उतरवून द्या. फक्त शाळेतल्यासारखं शुद्ध करू नका. त्या जसं म्हणतात, तसंच लिहा."